पाणी प्यालेले दगड

त्या घरात पूर्वी जावई एकच होता. आता दोन झाले होते, आणि सगळं दुखणं तिथंच होतं.

एकच होते तेव्हा त्यांना कुणी थोरले म्हणत नसे. नुसतं जावई म्हटलं की भागायचं. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटच ते. आत शिरलं की दोन्ही कोपरं भिंतींना लागायची आणि डोक्यावर किल्ल्यांचे जुडगे किणकिणायचे. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं, दुसरे जावई आले आणि हे एका दिवसात ‘थोरले’ होऊन बसले. ऐकायला बढती मिळाल्यासारखं; पण हाक कानावर आली की त्यांना आपले केस पिकल्याची आठवण व्हायची.

धाकटे जावई पोहायला शिकवायचे. उंच, खांद्यांनी रुंद, हसले की सगळे दात दाखवणारे. सासूबाई त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारायच्या. थोरल्यांना कधी विचारला नव्हता असं नाही. पण विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता कप उचलून न्यायच्या. असल्या गोष्टी थोरले कुणाजवळ बोलत नसत. मनात मात्र एकूण एक जपून ठेवत.

सासऱ्यांची बेकरी होती. मागच्या खोलीतली विटांची भट्टी वर्षभर विझत नसे. वर्षातून एकदाच ती मुद्दाम थंड करायचे. गवंडी आत शिरून फुटक्या विटा बदलायचा, काजळी खरवडून काढायचा. त्या दिवशी बेकरीला टाळं आणि सगळं घर नदीकाठी मुक्कामाला. सासऱ्यांचं म्हणणं असं, की विटा खुशाल बदला, पण आपल्या घरची आग खंडता कामा नये. म्हणून भट्टीतले शेवटचे निखारे राखेत पुरून पत्र्याच्या डब्यातून नदीवर न्यायचे, त्यांच्यावर शेकोटी पेटवायची, ती रात्रभर राखायची, आणि सकाळी तिचेच निखारे घरी आणून भट्टी पुन्हा चालू करायची. ज्याच्या हाती शेकोटी, त्याच्या हाती सासऱ्यांची लोखंडी फुंकणी, आणि परत येताना डबाही त्याच्याच हाती. गल्लीतून तो डबा घेऊन चालणारा माणूस बघितला की शेजारीपाजारी समजायचे, बेकरीवाल्यांचा खरा माणूस हा.

लग्न झाल्यापासून तो माणूस थोरले होते. कपाटाएवढ्या दुकानात वर्ष काढणाऱ्याला ही एक सकाळ पुरायची.

या वर्षी नदीवर पोचल्या पोचल्या सासऱ्यांनी पिशवीतून फुंकणी काढली. थोरल्यांनी सवयीने हात पुढे केला. फुंकणी त्यांच्या हातावरून पुढे गेली.

“जावईबापू,” सासरे धाकट्यांना म्हणाले, “तुमचं पहिलं वर्ष. आज शेकोटी तुमची.”

थोरल्यांचा हात तसाच राहिला. मग त्याच हाताने त्यांनी मान खाजवली, जणू त्यासाठीच उचलला होता.

“आणि तुम्ही शिकवा त्यांना,” सासरे थोरल्यांकडे वळून म्हणाले. त्यांची नजर आता अंधुक झाली होती. बोलताना ते माणसाच्या चेहऱ्याऐवजी जरा बाजूला बघायचे. “मी तुम्हाला जे जे सांगितलं ते सगळं सांगा. मला आता जवळचंसुद्धा धड दिसत नाही.”

“सांगतो की,” थोरले म्हणाले. म्हणायला काय जातं?

पहिलं वर्ष तर पहिलं वर्ष, त्यांनी मनाला समजावलं. आपल्यालाही पहिल्याच वर्षी मिळाली होती. पण नेमका हाच विचार त्यांना टोचू लागला. पहिल्या वर्षी मिळाली, ती कायमचीच राहिली होती. मग याच्याकडेही तशीच राहणार. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते खोटं नाही.

शिकवायला बसल्यावर मात्र थोरल्यांना थोडं बरं वाटलं, कारण धाकट्यांना खरोखर काही म्हणजे काही येत नव्हतं. त्यांनी सगळ्यात जाड ओंडका सगळ्यात खाली घातला होता.

“अहो, हे काय घर बांधताय?” थोरले म्हणाले. “आधी वाळलेलं गवत. मग बोटाएवढ्या काटक्या. त्या चांगल्या धरल्या की मनगटाएवढ्या. ओंडका शेवटी. आग लहान मुलासारखी असते, पहिल्याच दिवशी भाकरी देऊ नये तिला.”

“वा, दादा!” धाकटे मनापासून म्हणाले. “मला पाण्यातलं सगळं कळतं, पण आगीतलं शून्य. तुम्ही नसता तर आज आपण सगळे कुडकुडलोच असतो.”

हा दुसरा वैताग. माणूस फुशारकी मारेल तर त्याला झोडपता येतं. पण हा स्वतःच शून्य आहे म्हणून हसत मोकळा होतो, त्याचं काय करणार? थोरल्यांनी वारा कुठून येतोय ते बघायला शिकवलं. काटक्यांमधून हवा खेळायला जागा ठेवायला शिकवलं. मोडताना कडकन वाजेल तेच लाकूड वाळलेलं, नुसतं वाकेल ते बाजूला टाकायचं, हेही सांगितलं. एक गोष्ट तेवढी राहिली होती, दगडांची. ती सांगायच्या आतच त्यांची मुलगी धावत आली. हिचं खरं नाव शाळेतच वापरलं जायचं. घरात ती भिंगरी.

“काका, मला पोहायला कधी शिकवणार?”

“आत्ता! दादा, आलोच मी. शेकोटीभोवती दगड लावायचे असतात ना? ते घेऊनच येतो.”

ती बापाकडे न बघता काकांचं बोट धरून गेली. सकाळपासून तिचं काकापुराण चाललं होतं. काका पाण्यात डोळे उघडे ठेवतात, काका कान हलवतात. थोरल्यांनी तिला वाढवलं, तिच्या सायकलचं कुलूप स्वतः घडवून दिलं, तिचा पहिला दात पडला तेव्हा तो त्यांच्याच मुठीत होता. आणि आता काका कान हलवतात. थोरल्यांनी एकटं असताना एकदा कान हलवून बघितले. हलले नाहीत. ते तणतणत लाकडं गोळा करायला चढावर निघून गेले.

मोळी घेऊन परत आले तेव्हा दगडांचं कडं तयार होतं.

थोरले जागीच थांबले. दगड गोल, गुळगुळीत, निळसर, एकापेक्षा एक देखणे. आणि ओले. धाकट्यांनी नदीच्या तळाशी बुड्या मारून ते एकेक वर आणले होते, भिंगरीने काठावर उभी राहून पसंत केले होते. दुसऱ्या कुणीही काठावरचे कोरडे दगड उचलून आणले असते. पण पाण्यातला हा गडी, त्याला दगडसुद्धा पाण्यातलेच सुचले.

पहिल्या वर्षी सासऱ्यांनी थोरल्यांचा खांदा धरून सांगितलं होतं, “हे कधी विसरू नका. नदीच्या पोटातला दगड आगीजवळ लावायचा नाही. तो वर्षानुवर्षं पाणी प्यालेला असतो. तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर यायला वाट मिळत नाही, मग तो फुटतो. आणि फुटला की समोर कोण बसलंय हे बघत नाही. दगड चढावरचे घ्यायचे, कोरडे.”

“कसं दिसतंय, दादा?” धाकट्यांनी ओले केस झटकत विचारलं.

सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते थोरल्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “अगं बाई, किती सुरेख! इतक्या वर्षांत असं कडं कुणी केलं नव्हतं हो.”

थोरल्यांनी ते वाक्य गिळलं.

“छान,” ते म्हणाले.

मग ते मोळी टाकून, लाकडं लांबीप्रमाणे लावत बसले. मनात वकिली सुरू झाली. सगळे दगड काही फुटत नाहीत. फुटला तरी एखादा नुसता तडकेल. फट् असा आवाज होईल, सगळे दचकतील, सासरे विचारतील, दगड कुठले आणले? आणि मग कपाळावर हात मारून म्हणतील, ज्याचं काम त्यानेच करावं. द्या ती फुंकणी थोरल्यांकडे. त्यांना तो प्रसंग इतका स्पष्ट दिसत होता की त्यात सासऱ्यांनी कुठला सदरा घातलाय तेही दिसत होतं. कुणाला लागेल, हे तेवढं त्यात नव्हतं.

“एवढे गप्प का?” बायकोने येऊन विचारलं.

“दमलोय.”

“दमलात की रुसलात?” ती हसली. “एक वर्ष दुसऱ्याने फुंकर घातली तर तुमची फुंकर काही संपत नाही.”

बायकोच ती, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवून गेली. सांगायची उरलीसुरली इच्छाही तिथंच मेली. तोंडात मिठाची गुळणी धरून थोरले बसून राहिले.

दिवस कलला तशी शेकोटी पेटली. डब्यातल्या राखेतून धाकट्यांनी निखारे उकरले, गवतावर ठेवले, फुंकणी लावली, आणि पोहणाऱ्याची छाती ती. दोन लांब फुंकरांत गवताने पेट घेतला. थोरल्यांना दरवर्षी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फुंकावं लागायचं. काटक्या धरल्या, मनगटाएवढी लाकडं धरली, ज्वाळा सरळ वर उभी राहिली. सासरे खुर्चीत बसून हवेचा वास घेत होते.

“धूर नाही फारसा,” ते म्हणाले. “हात चांगला आहे.”

हात चांगला आहे! हे तीन शब्द मिळवायला थोरल्यांना किती उन्हाळे-हिवाळे घालवावे लागले होते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. लाकूड माझं, अक्कल माझी, आणि हात याचा चांगला! आता फूट रे बाबा, असं त्यांनी मनात, अगदी शब्दांत, म्हटलं. पुढे आयुष्यभर त्यांना ते शब्द आठवायचे होते.

सगळे आगीभोवती बसले. धाकटी नवऱ्याच्या खांद्याला टेकली होती, सासूबाई किटली ठेवायला जागा शोधत होत्या. थोरले सगळ्यांच्या मागे, अंतरावर बसले. “जवळ या की,” असं बायको म्हणाली. त्यांनी मान हलवली. आपण लांब का बसलोय, हे त्यांना माहीत होतं.

मग तो आवाज आला. बारीक, किटलीच्या तोंडातून वाफ सुटावी तसा.

“काय वाजतंय?” धाकटीने विचारलं.

“लाकूड ओलं असेल एखादं,” धाकटे म्हणाले. “आता हळूच फुंकायचं बघ, भिंगरे. बस अशी. फुंकणी खाली धर.”

कधी उठली होती कोण जाणे, भिंगरी आईजवळून निघून काकांपुढे जाऊन बसली होती. गुडघ्यांवर, कड्याकडे वाकून, फुंकणी तोंडात. तिचा गाल त्या निळ्या दगडापासून हातभरसुद्धा दूर नव्हता.

थोरले कसे उठले ते त्यांना कळलं नाही. दोन माणसं ओलांडून ते गेले, भिंगरीचा दंड धरून तिला मागे खेचलं, इतक्या जोरात की ती फुंकणीसकट वाळूत कोलमडली आणि भोकाड पसरून रडू लागली. दुसऱ्या हाताने त्यांनी धाकट्यांच्या छातीवर धक्का दिला. “मागे व्हा! सगळे मागे!”

किटली आडवी झाली. सगळे मागे झाले खरे, पण आगीला भिऊन नव्हे, थोरल्यांना भिऊन.

धाकटी पहिली बोलली. “शोभतं का हे भाऊजी तुम्हाला? सकाळपासून बघतेय मी. एक दिवस ह्यांनी शेकोटी केली तर तुमच्या पोटात एवढं दुखावं? पोरीवर कसला राग काढता?”

थोरल्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दगड फुटला.

फट् असा आवाज नव्हता तो. बंदुकीचा बार निघावा तसा होता. निखारे उडाले, ठिकऱ्या सुसाटत गेल्या, एक किटलीला भोक पाडून गेली आणि एक थोरल्यांच्या हातावर लांब चर काढून गेली. मागोमाग दुसरा दगड फुटला. मग शांतता, नुसती भिंगरी हुंदके देत होती. ती बसली होती तिथल्या वाळूत दगडाची एक लांब कपची उभी रुतली होती.

सगळ्यांनी आधी त्या कपचीकडे बघितलं, मग थोरल्यांकडे. धाकटी रडतच त्यांच्या पाया पडायला वाकली. सासूबाई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. बायकोने भिंगरीला उराशी घट्ट धरलं होतं आणि ती नवऱ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतर फारशी बघितली नव्हती. अख्खं घर त्यांचं झालं होतं. मागितलं होतं त्याच्या दुप्पट मिळालं होतं.

सासऱ्यांनी एकच विचारलं. “दगड नदीतले होते?”

“हो,” धाकटे म्हणाले.

“थोरले, मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ह्यांना सांगितलंत ना?”

उत्तर धाकट्यांनीच दिलं.

“सांगितलं होतं त्यांनी. माझ्याच लक्षात राहिलं नाही.”

थोरल्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. धाकटे मान खाली घालून फुटलेल्या कपच्या वेचत होते.

पुढची सगळी धावपळ झाल्यावर, कोरडे दगड आणून, शेकोटी पुन्हा सावरून झाल्यावर, धाकटे फडकं आणि पाणी घेऊन थोरल्यांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांचा चिरलेला हात धुऊ लागले. बायका मुलीला निजवत होत्या.

“तुम्ही खोटं का बोललात?” थोरल्यांनी हळूच विचारलं.

“मग काय बोलू? घर आहे.” धाकट्यांनी फडक्याची गाठ मारली. आज पहिल्यांदाच ते हसत नव्हते. “लावलेले दगड तुम्ही बघितले होते, दादा. छान म्हणालात.”

थोरले फडक्याची गाठ चाचपू लागले.

“भिंगरी तिथं बसली म्हणून तुम्ही उठलात. मी एकटाच बसलो असतो तर?”

धाकटे उठून एक लाकूड आगीत सारून आपल्या जागी गेले. ती रात्र दोघांनी समोरासमोर बसून काढली. एक लाकूड घालायचा, दुसरा राख सारायचा, आणि शेकोटी इतकी नीट कधीच राखली गेली नव्हती. थोरल्यांना वाटलं होतं, फुंकणी परत मिळाली की पोटातली आग शांत होईल. पण आता वेगळीच जळजळ होत होती. फुंकर त्याची मोठी, छाती त्याची मोठी, हे कसंबसं सोसलं असतं; मनसुद्धा त्याचंच मोठं निघावं? माणसाने हेवा तरी करायचा कुठवर?

उजाडल्यावर सासऱ्यांनी निखारे राखेत पुरून घेतले, डब्याचं झाकण लावलं आणि डबा थोरल्यांपुढे धरला.

“चला. तुमचा मान.”

डबा गरम होता. थोरल्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. बस्स, आता नुसतं चालायला लागायचं होतं.

“मी सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. “दगडांचं. ह्यांना मी सांगितलं नव्हतं. लावलेले दगड मी बघितले, आणि मुद्दाम गप्प बसलो.”

सासूबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. बायको पुढे आली. “भिंगरी तिथं बसली होती,” ती म्हणाली. फक्त एवढंच म्हणाली, आणि मुलीचा हात धरून वाटेला लागली. मागे वळून बघितलंही नाही तिने.

सासरे थोरल्यांच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत उभे होते.

“मी तुम्हाला सांगताना,” ते म्हणाले, “हातचं काही राखलं नव्हतं. डबा त्यांना द्या.”

थोरल्यांनी डबा दिला. आणि खरं सांगायचं तर, तो धाकट्यांच्या हातात गेलेला बघून त्यांच्या पोटात पुन्हा तीच कळ आली. इतकं होऊनही आली. ते फुंकणी उचलून सगळ्यांच्या मागून चालू लागले.

गल्लीच्या तोंडाशी धाकटे मुद्दाम मागे रेंगाळले. दुकानांची दारं उघडत होती, लोक डब्याकडे बघत होते. थोरले त्यांच्या बरोबरीला आले, आणि थोडं अंतर तसेच चालल्यावर म्हणाले, “काल विचारलंत ना तुम्ही. तुम्ही एकटे बसला असता तर.”

“हं.”

“उठलो असतो.” थोरल्यांनी फुंकणी या हातातून त्या हातात घेतली. “पण उशिरा उठलो असतो.”

डबा सांभाळत धाकटे पुढे झाले, आणि थोरले त्यांच्या मागोमाग बेकरीच्या दारातून आत गेले, कारण थंड भट्टी पेटवायला निखाऱ्यांइतकीच फुंकणीही लागणार होती.